प्रबंधाचा विषयच मेलेला निघाला तर?

अर्धवट_प्रबंध
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज गळ्याशी आलं म्हणून धागा काढतेय.

माझं पीएचडीचं तिसरं वर्ष सरत आलंय. विषय: ताण, झोप आणि नैराश्याची लक्षणं यांचं एका जनुकाशी नातं. जनुक म्हणजे ते गाजलेलं, सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं. त्याच्या सुरुवातीच्या भागाचे आखूड आणि लांब असे दोन प्रकार माणसांत आढळतात. आखूडवाल्यांना आयुष्यातले तडाखे जास्त लागतात, नैराश्य लवकर गाठतं, असं २००३ साली न्यूझीलंडमधल्या डनीडनच्या ८४७ जणांच्या माहितीवरून मांडलं गेलं आणि मग त्यावर निबंधांचा पाऊस पडला. माझा प्रबंध त्याच पावसातला.

३१२ जणांची लाळ गोळा केली, ताणाच्या आणि मनःस्थितीच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या, १४ रात्री मनगटावर झोप मोजणारी पट्टी बांधली, रोज सकाळी 'आज कसं वाटतंय' याची एका ओळीची नोंद घेतली. दीड वर्ष त्यात गेलं. आता लिहायला बसले तर २०१९चा तो निबंध समोर आला. नैराश्यासाठी सगळ्यात जास्त अभ्यासलेली १८ जनुकं त्यांनी लाखो लोकांच्या माहितीवर तपासली आणि ती डोळे मिटून उचललेल्या इतर जनुकांपेक्षा काही सरस ठरली नाहीत. माझं जनुक त्या अठरांत आहे. 'समोर आला' हेही खोटंच. संदर्भांत तो मला दोन वर्षं दिसत होता, मी उघडत नव्हते.

गाईड माणूस म्हणून चांगले आहेत, पण याच जनुकावर त्यांची अर्धी कारकीर्द उभी आहे. विषय बदलू? आहे तोच रेटू? ज्यांनी असलं काही भोगलंय त्यांनी सांगा. ज्यांनी नाही त्यांनीही सांगा, सध्या मला कुणाचंही चालेल.

शेवटचा_बाक
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

तळटीप
वाचतेय. तो निबंध दोन वर्षं न उघडणं फारच ओळखीचं वाटलं. माझ्याकडे असा एक ईमेल आहे.

खुसपटराव
विषय मेला म्हणजे नक्की काय झालं? 'संबंध आढळला नाही' हाही निष्कर्षच असतो. तसं लिहा, बांधून द्या, मोकळ्या व्हा. पदवी विषयाच्या नाडीवर हात ठेवून देत नाहीत.

निवृत्त_विदावाला
खुसपटराव, गोम नेमकी तिथेच आहे. ३१२ माणसांत 'आढळला नाही' म्हणणं म्हणजे अमावस्येच्या रात्री विहिरीत डोकावून 'तळाशी काही नाही' असं सांगणं.

जरा आकडे मांडतो, सवय जात नाही. समजा या जनुकाचा परिणाम खराच आहे आणि माणसामाणसांतल्या फरकाचा एक हजारावा भाग तो सांगतो. वर्तनाच्या बाबतीत एकट्या जनुकीय फरकासाठी हा अंदाज उदारच म्हणायचा. तो ३१२ जणांत पकडला जाण्याची शक्यता शेकडा ८-९. आणि परिणाम मुळीच नसताना निव्वळ योगायोगाने 'सापडला' असं वाटण्याची शक्यता, ०.०५च्या आपल्या लाडक्या रेघेनुसार, शेकडा ५. म्हणजे खऱ्याला ८-९ आणि खोट्याला ५. एवढ्यासाठी दीड वर्ष लाळ गोळा केलीत.

पुढचं आणखी बोचरं आहे. तुम्हाला तो सापडला असं समजा. इतक्या माणसांत ती रेघ ओलांडायची तर परिणाम किमान सव्वा टक्क्याचा दिसावा लागतो. म्हणजे खरा असला तरी तो हाती येईल बारापट फुगलेलाच. मग कुणीतरी तुमचा फुगलेला आकडा धरून पुढचा छोटा अभ्यास आखतो, त्यात काही सापडत नाही, आणि मग 'आमच्या लोकांत वेगळं दिसतं' असा आणखी एक निबंध निघतो. वीस वर्षं हेच चाललं. तोच हजारावा भाग धडपणे पकडायला साधारण ८,००० माणसं लागतात. अख्खा जनुकसंच चाळताना जी कडक रेघ लावतात, ५ भागिले १० कोटी, ती लावली तर ४०,०००.

आणि ताई, तुम्ही २०१९च्या निबंधाने दचकलात, पण घंटा २००९ सालीच वाजली होती. त्या वर्षी १४ अभ्यासांतली १४,२५० माणसं एकत्र मोजली, तेव्हा ताणाचा नैराश्याशी संबंध ठळक दिसला. जनुकाचा नाही.

चक्रपाणी
विदावाले काका, इतकं खरं कुणी बोलतं का पहिल्याच पानावर?

अर्धवट_प्रबंध
नाही नाही, बोला. रडून झालं आहे.

रानवारा
मी याच गल्लीतली. माझाही प्रबंध एका जनुकावर सुरू झाला होता; दुसरं जनुक, ज्याला वर्तमानपत्रांनी 'लढवय्या' म्हणून डोक्यावर घेतलं होतं. त्याचं मूळ १९९३च्या एका डच कुटुंबात. तिथल्या काही पुरुषांत ते जनुक पूर्णच निकामी होतं आणि त्यांचं वागणं आक्रस्ताळं होतं. ते खरं आणि अतिदुर्मिळ. पण तिथून उडी मारून 'ज्याच्यात हे जनुक थोडं मंद तो भांडखोर' इथवर लोक आले. एका कुटुंबातलं तुटलेलं जनुक आणि बाजारात सगळ्यांकडे असणारा त्याचा किरकोळ फरक, या दोन गोष्टी एकाच नावाखाली खपवल्या गेल्या. माझ्या गाईडबाईंनी सुदैवाने दुसऱ्याच वर्षी टांग मारायला सांगितलं. तेव्हा मला अपमान वाटला होता.

बाळबोध
मला यातलं काही कळत नाही, पण विचारून घेतो. पेपरात येतं, उंची ८० टक्के आनुवंशिक. म्हणजे माझ्या साडेपाच फुटांतले जवळजवळ साडेचार आईवडिलांचे आणि वरचा एक फूट मी स्वतः कमावलेला?

चक्रपाणी
वरचा एक फूट कर्जाने घेतलेला असतो.

रानवारा
बाळबोध, प्रश्न बाळबोध मुळीच नाही, प्रबंध लिहिणारेही इथे घसरतात. तो आकडा एका माणसाबद्दल नसतोच. एका समूहातली माणसं उंचीने वेगवेगळी का, त्या *फरकातला* किती वाटा जनुकीय फरकांशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. आता हाताची बोटं घ्या. पाच बोटं असणं पूर्णपणे जनुकांचं काम. पण ज्यांना कमी बोटं आहेत त्यांची बहुतेक अपघातात गेलेली असतात. म्हणून बोटांच्या संख्येतल्या फरकाची आनुवंशिकता शून्याच्या आसपास! जनुकांनीच घडवलेली गोष्ट आणि आकडा शून्य.

उलट टोकाला फेनिलकीटोन्युरिया. एकाच जनुकातला बिघाड दोन्हीकडून आला तर शरीराला फेनिलॲलनिन हे अमिनो आम्ल हाताळता येत नाही, ते साठतं आणि मुलाचा मेंदू खुंटतो. १९३४ साली नॉर्वेच्या फॉलिंगनी हे ओळखलं. पुढे जन्मल्याबरोबर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासायची सोय झाली. पहिल्या दिवसांपासून आहार सांभाळला तर मूल धडधाकट वाढतं. म्हणजे आजार शंभर टक्के जनुकातून आलेला आणि उपाय ताटातला. 'आनुवंशिक म्हणजे अटळ' असं कुणी म्हणालं की मी हेच उदाहरण काढते.

उंचीबद्दल विचारलंत म्हणून: २०२२ साली ५४ लाख लोकांच्या माहितीतून उंचीशी जोडलेल्या जनुकसंचातल्या १२,१११ जागा सापडल्या. बारा हजार! आणि उंची तर फूटपट्टीने मोजता येते. नैराश्य आपण 'गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं' असं विचारून मोजतो.

बाळबोध
बोटांचं डोक्यात शिरलं. आभार. एक फूट परत केला.

जुळी_क्रमांक_दोन
नमुना म्हणून बोलू का? मी आणि माझी बहीण एकसारख्या जुळ्या, लहानपणापासून एका मोठ्या जुळ्यांच्या अभ्यासात होतो. दर वर्षी जाडजूड पाकीट यायचं. आवडीनिवडी, भीती, झोप, मैत्रिणी. सूचना असायची की दोघींनी वेगवेगळं बसून भरा. आम्ही एकाच पलंगावर पालथं पडून, एकमेकींचं बघून भरायचो. कंटाळा आला की मी तिचं उतरवायची, कारण ती पाच मिनिटांनी मोठी होती.

आता अपराधी वाटतं. आमच्यामुळे 'भित्रेपणा जनुकांतून येतो' असं कुठे छापून आलं असेल तर तो भित्रेपणा तिचा होता.

निवृत्त_विदावाला
मी आत्ता खुर्ची धरून बसलो आहे.

खुसपटराव
तरी सिरिल बर्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञापेक्षा या दोघी प्रामाणिक. त्या गृहस्थांनी वेगवेगळं वाढलेल्या जुळ्यांच्या बुद्ध्यांकाचा सहसंबंध ०.७७१ दिला. जोड्या २१ असताना ०.७७१, तिसाच्या वर गेल्यावर ०.७७१, आणि १९६६ साली ५३ झाल्या तेव्हाही ०.७७१. तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळे! बर्ट १९७१ साली वारले, त्यानंतर कुणाच्या तरी लक्षात आलं. तोवर या आकड्याच्या आधारावर लोक शिक्षणाबद्दल मतं देत होते.

आणि माझा मूळ मुद्दा हाच आहे. हे शास्त्र जन्मतःच डागाळलेलं आहे. जुळ्यांचा अभ्यास १८७५ साली सुचवणारे गाल्टन, आणि 'युजेनिक्स' (निवडक पैदाशीने माणसांचा वंश 'सुधारणं') हा शब्द १८८३ साली बनवणारेही गाल्टनच. पुढे अमेरिकेत १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची नसबंदी वैध ठरवली आणि एकूण ६०,०००हून अधिक माणसांवर ती लादली गेली. तेव्हाही विद्वानच होते, तक्तेच होते, प्रबंधच होते. ताईंनी विषय बदलावाच, पण जनुक बदलून नव्हे, शाखाच बदलून.

सावलीतली
खुसपटराव, तुमचा इतिहास खरा आहे, पण अर्धा आहे. मी या धाग्यावर लिहिणार नव्हते.

माझा मुलगा स्वमग्न आहे. तो लहान असताना घरातल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, 'तू गरोदरपणी त्याच्यावर नाराज होतीस का?' त्यांना वाईट म्हणायचं नव्हतं. हे त्यांच्या डोक्यात आलं कुठून? तर विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठमोठे तज्ज्ञ सांगायचे की आई थंड असली, मुलाला माया दिली नाही, की मूल असं होतं. याला जनुकं नकोत, आई पुरे. त्यावर उपचार म्हणून मुलांना आईपासून तोडलंसुद्धा.

ते मोडायची सुरुवात कशाने झाली माहीत आहे? १९७७ साली जुळ्यांच्या फक्त २१ जोड्यांचा एक अभ्यास आला. एकसारख्या (जनुकं तीच असलेल्या) ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न. वेगळ्या (साध्या भावंडांइतकीच जनुकं जुळणाऱ्या) जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत दोन्ही नाहीत. बस, एवढंच. मी शास्त्रातली नाही, पण ही चार वाक्यं मला तोंडपाठ आहेत. कुणी मला तो प्रश्न पुन्हा विचारला की म्हणून दाखवते.

तळटीप
🙏

खुसपटराव
ताई, हे मला माहीत नव्हतं. 'शाखाच बदला' हे मागे घेतो. इतिहास घेत नाही.

सावलीतली
इतिहास नकाच घेऊ मागे. तोही लागतो.

निवृत्त_विदावाला
सावलीतली यांनी माझ्या वरच्या आकडेमोडीलाही पाचर मारली आहे, तीही बरोबर. छोटा अभ्यास म्हणजे फुकट अभ्यास असं नाही. परिणाम मोठा असेल तर थोडी माणसंही पुरतात. २००५ साली म्हातारपणी दृष्टिपटल झिजण्याच्या आजारात एका जनुकाचा हात सापडला, तो फक्त ९६ रुग्ण आणि ५० निरोगी माणसांत, आणि तो टिकला. स्वभाव, मनःस्थिती, शिक्षण यांत मात्र एकेका जनुकीय फरकाचा परिणाम चिमूटभर, आणि असे फरक हजारोंनी. तिथे छोटं जाळं कामाचं नाही. खोलीत हत्ती शोधायला दिवा लागत नाही हो, सुई शोधायला लागतो.

रानवारा
आणि चिमूटभर म्हणून सापडलेलं सगळं जनुकांचंच असतं असंही नाही. आइसलँडमध्ये २०१८ साली गंमत दिसली. आईवडिलांकडे असलेली पण मुलात *न उतरलेली* जनुकं मोजली. मुलाच्या शिक्षणाशी त्यांचाही संबंध निघाला, उतरलेल्यांच्या साधारण ३० टक्के. जे मुलाच्या अंगात गेलंच नाही ते काम कसं करतं? घरातून. आईबापांची जनुकं आईबापांना घडवतात, आईबाप घर घडवतात, घर मुलाला. आता यात जनुक कुठे संपलं आणि संस्कार कुठे सुरू झाले, रेघ ओढून दाखवा.

चक्रपाणी
म्हणजे माझ्या वडिलांनी जे मला दिलं नाही त्याचाही मला फायदा झाला? हे त्यांना सांगतो, खूश होतील.

डॉ_घाईत
ओपीडीतून लिहितोय, थोडक्यात. रुग्ण आता घरबसल्या लाळ पाठवून अहवाल मागवतात आणि छापून आणतात. 'डॉक्टर, मला नैराश्याचं जनुक आहे.' नैराश्याचं जनुक नसतं, असतील तर फार-फार असतात आणि थोडी-थोडी तुमच्यात, माझ्यात, वॉर्डबॉयमध्ये सगळ्यांत आहेत, हे समजवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्यांच्या झोपेबद्दल विचारून झालं असतं. बाकी चालू द्या.

पाणवठा
डॉक्टरांनी जाता जाता बरोबर जागी बोट ठेवलं. मी कालपासून विचार करतोय की हे कुणी विचारत कसं नाही. प्रबंधताई, मूळ लेखात तुम्ही एक वाक्य उरकून टाकलंय: १४ रात्री मनगटपट्टी, रोज सकाळी मनःस्थितीची नोंद. अहो, लाळ विसरा! ३१२ गुणिले १४ म्हणजे ४,३६८ रात्री आहेत तुमच्याकडे, आणि प्रत्येक रात्रीला जोडलेली एक सकाळ.

यात माणसाची तुलना दुसऱ्या माणसाशी करायचीच नाही. त्याची तुलना त्याच्याशीच: ज्या रात्री तो नेहमीपेक्षा कमी झोपला, त्या सकाळी त्याला नेहमीपेक्षा कसं वाटलं? आणि उलट, वाईट गेलेल्या दिवसानंतरची रात्र कशी? अशी तुलना केली की त्याची जनुकं, बालपण, आईबाप, सगळं दोन्ही बाजूंना सारखंच. जो वाद तुम्हाला मोडत होता तो आपोआप बाजूला पडतो. मी व्यायामावर असंच काम केलं होतं, ४० माणसांवर. तुमच्याकडचं बघून हेवा वाटला.

निवृत्त_विदावाला
पाणवठा, साष्टांग. मी आकडे मोजत बसलो आणि हे माझ्या नजरेतून सुटलं.

अर्धवट_प्रबंध
थांबा, थांबा. झोपेच्या पट्ट्या आम्ही 'सहचल' (मुख्य हिशेबात सोबत धरायची बाजूची गोष्ट) म्हणून घेतल्या होत्या. सरासरी काढून एका रकान्यात टाकायच्या होत्या. मी ती ४,३६८ रात्रींची फाईल कधी उघडूनसुद्धा बघितली नाही.

चक्रपाणी
तुमचा फाईली न उघडण्याचा आजार आनुवंशिक दिसतो.

तळटीप
विदा (डेटा) आला की आधी एकच काळजी: संमतीपत्रावर काय लिहिलंय? मी एका संशोधन संस्थेच्या एथिक्स कमिटीत सामान्य नागरिक म्हणून बसते (तिथे असा एक सदस्य लागतो, तो मी). 'आता नमुने आहेतच तर आणखी हेही बघू' हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी ऐकते. पट्ट्यांचं ठीक असेल, पण कुणी सुचवेल की लाळ आहेच, तर सगळाच जनुकसंच चिपवर वाचून घ्या. जपून.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हावासुपाई आदिवासींची गोष्ट आम्हाला पहिल्याच बैठकीत सांगितली होती. १९९० पासून एका विद्यापीठाने त्यांचं रक्त घेतलं, त्यांच्या समजुतीप्रमाणे मधुमेहासाठी. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला, ते लोक मुळात कुठून आले याचाही झाला, जो त्यांच्या स्वतःच्या उत्पत्तिकथेच्या विरोधात जाणारा होता. प्रकरण न्यायालयात गेलं, २०१० साली तडजोड झाली, विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. लोक स्वतः जाऊन ते घेऊन आले. सही कागदावर होती, पण माणसांना काय कळलं होतं हा प्रश्न वेगळा.

रानवारा
आणि 'नाव काढून टाकलंय' यावरही फार विसंबू नका. २००७ साली डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन, यांनी स्वतःचा अख्खा जनुकसंच जाहीर केला, फक्त एक जागा झाकायला सांगितली: अल्झायमरचा धोका सांगणारं ते जनुक. त्यांना ते जाणून घ्यायचं नव्हतं. नंतर इतरांनी दाखवून दिलं की आजूबाजूचा मजकूर वाचून झाकलेलं ओळखता येतं. मग शेजारचा बराच मोठा पट्टाही झाकावा लागला.

अंतर्मुख
अवांतर आहे, पण 'जाणून घ्यायचं नव्हतं' वरून.

माझ्या जवळच्या मैत्रिणीच्या वडिलांना हंटिंग्टन होता. तिथे हजारो जनुकं वगैरे काही नाही. एक जनुक, चौथ्या गुणसूत्रावर, १९९३ साली सापडलेलं. त्यात तीन अक्षरांची एक मालिका वारंवार येते. ती ४० किंवा अधिक वेळा आली तर आजार होणारच. मुलांना मिळण्याची शक्यता अर्धी. चाचणी आहे, उपाय नाही. ती केंद्रात जाऊन समुपदेशनाची सगळी सत्रं करून आली आणि निकालाच्या दिवशी गेलीच नाही. अशा घरांतले बहुतेक लोक चाचणी करून घेत नाहीत, हे मला नंतर कळलं. मला आधी वाटायचं की माहिती म्हणजे माहिती, नको कशाला म्हणायचं.

तुम्ही सगळे टक्के आणि हजारावे भाग बोलताय ते वाचून बरं वाटत होतं, खरंच. बहुतेकांच्या वाट्याला तेच येतं. म्हणून लिहिलं.

जुळी_क्रमांक_दोन
अंतर्मुख, मैत्रिणीला माझ्याकडून नमस्कार. माझ्या बहिणीला अकराव्या वर्षी टाईप १ मधुमेह झाला. मला आजवर नाही. जनुकं तीच, घर तेच, पलंगसुद्धा तोच. अभ्यासवाले मला दर वर्षी फोन करून विचारायचे, 'अजून काही नाही ना?' ते मायेने विचारत, पण मला वाटायचं हे वाट बघताहेत.

सावलीतली
हे वाचून बराच वेळ थांबले.

चक्रपाणी
प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (विनोद होता, इथे नको.)

अर्धवट_प्रबंध
दीड महिन्याने परत आलेय. आधी बातमी, मग आभार.

तुमच्या प्रतिसादांची छापील प्रत घेऊन गाईडकडे गेले नाही (धीर झाला नाही), पण तो २०१९चा निबंध घेऊन गेले. टेबलावर ठेवला. त्यांनी विचारलं, 'वाचलास?' मी म्हटलं, 'हो, आता.' ते म्हणाले, 'मी तर तो आला त्याच आठवड्यात वाचला.' मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. माझ्या मनात होतं की ओरडावं, मला का नाही सांगितलंत. पण संदर्भयादीत तो निबंध मीच टाकला होता, न वाचता. कोणत्या तोंडाने ओरडणार?

चार दिवसांनी त्यांनीच बोलावलं. पाणवठा यांचा मुद्दा मांडला. त्यांनी तीन प्रश्न विचारले, तिन्ही चांगले होते. गेली दोन वर्षं असे प्रश्न त्यांनी मला विचारले नव्हते.

संमतीपत्र काढून पाहिलं. लाळेबद्दल स्पष्ट लिहिलंय: 'फक्त नमूद केलेल्या एका जनुकासाठी'. म्हणजे चिप वगैरे विषय संपला. झोप आणि मनःस्थितीचं विश्लेषण मात्र मूळ उद्देशात बसतं, तरी समितीकडे बदल मांडला, मंजूर झाला. पट्टी काढून ठेवलेल्या, बॅटरी गेलेल्या, अंघोळीनंतर विसरलेल्या रात्री वगळून ३,९०० आणि काही उरल्या. विदावाले काकांच्या आकडेमोडीतून धडा घेऊन, आकड्यांना हात लावायच्या आधी काय तपासणार ते लिहून तारीख घालून नोंदवलं. जनुक परिशिष्टात जाणार, 'संबंध आढळला नाही, आणि आढळला असता तरी विश्वास ठेवू नका' अशा अर्थाच्या दोन परिच्छेदांसकट.

खुसपटराव
परिशिष्टातलं ते वाक्य प्रबंधातलं सर्वोत्तम ठरेल. पण गाईडना इतक्या स्वस्तात सोडू नका. पाच वर्षं त्यांच्या हाताखालून किती जण त्याच रस्त्याने गेले असतील?

अर्धवट_प्रबंध
दोघं. एकाने सोडलं. दुसऱ्याला 'सापडलं', छापून आलं. मी त्याला काय सांगू हे मला कळत नाहीये.

निवृत्त_विदावाला
काही सांगू नका. परिशिष्ट पाठवा.

अर्धवट_प्रबंध
अजून एक अडचण. एका सहभागी काकांचा फोन आला. निवृत्त आहेत, चौदाही रात्री पट्टी बांधलेल्या मोजक्यांपैकी. विचारत होते, 'माझं आखूड निघालं की लांब?' निकाल वैयक्तिक सांगायचे नाहीत असं ठरलेलं आहे, ते मी सांगितलं. तर म्हणाले, 'बरं, वाईट तरी नाही ना?'

तळटीप
नियम पाळा, पण 'सांगता येत नाही' एवढ्यावर थांबू नका. न सांगितलेलं लोक वाईटच समजतात.

डॉ_घाईत
म्हणावं, दोन्हींपैकी काहीही निघालं तरी आपण आज जे कराल तेच उद्या कराल.

अर्धवट_प्रबंध
साधारण तसंच सांगितलं. शिवाय हेही सांगितलं की त्या जनुकावर आता आमचाच विश्वास उरलेला नाही. काका हसले. मग त्यांचा प्रश्न: 'आणि झोपेचं? मी तीनला उठतो रोज, ते आलंय का तुमच्या यंत्रात?' पाहिलं. आलंय. चौदाही रात्री, तीन वाजून पाच-दहा मिनिटांनी.

पाणवठा
चौदाच्या चौदा? फाईल क्रमांक काहीही असो, ही पहिली आकृती करा.

शेवटचा_बाक
रुमाल टाकून गेलो होतो, रात्री सविस्तर लिहिणार होतो. आता सगळं लिहून झालंय. रुमाल घेऊन जातो.